समुद्रात गरवण्यासाठी मऊ कृत्रिम आमिषे कशी वापरावीत: नाशिककरांसाठी मार्गदर्शन

नाशिकहून समुद्रावर गरवायला जाणाऱ्या माणसाची खरी अडचण अंतराची नाही. त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार या वाटेने पहाटे निघाले तर सकाळीच पालघर जिल्ह्याचा किनारा गाठता येतो आणि केळवे किंवा डहाणूच्या बाजूला दिवस काढून रात्री घरी परतता येते. अडचण आहे ती पाण्याची. उत्तर कोकणातील खाड्यांचे पाणी वर्षातील बहुतेक काळ गाळाने भरलेले असते आणि त्यात टाकलेले आमिष वीतभर खाली गेले की ते काय करते आहे, हे काठावरच्या माणसाला कळत नाही. कोळंबी किंवा बोयीचा तुकडा लावून गरवणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही, कारण वासाने मासा तुकड्यापर्यंत येतो. मऊ कृत्रिम आमिष मात्र प्रामुख्याने हालचालीवर चालते, आणि ती हालचाल आपल्या हातातून, दोऱ्यातून व शिशाच्या वजनातून निर्माण होते. म्हणून जे समुद्रात दिसणार नाही ते आधी स्वच्छ पाण्यात पाहून, मोजून, हाताला शिकवून मगच किनाऱ्यावर जावे, असे माझे ठाम मत आहे. आणि नाशिकमध्ये अशा स्वच्छ, स्थिर पाण्याची उणीव नाही.

आमिष आणि शिशाचे डोके

ज्याला आपण रबरी मासोळी म्हणतो ते बहुधा रबर नसते. पीव्हीसीमध्ये मऊपणा आणणारे तेलकट द्रव्य मिसळून, ते मिश्रण तापवून साच्यात ओतले की असे लवचीक अंग तयार होते. अमेरिकेतील ओहायो राज्यात अ‍ॅक्रन येथे निक क्रीम यांनी १९४९ साली प्लास्टिकचे पहिले मऊ गांडूळ घडवले, ते गोड्या पाण्यातील बास या माशासाठी होते. आज याच कल्पनेतून चपट्या शेपटीची मासोळी, कुरळ्या शेपटीचा ग्रब, टोकदार किंवा दुभंगलेल्या शेपटीची सडसडीत मासोळी, कोळंबी आणि खेकडा असे अनेक आकार मिळतात. दुकानात ते सगळेच हवेसे वाटतात. पहिल्या वर्षासाठी मात्र तीन ते चार इंचांची चपट्या शेपटीची मासोळी आणि तीन इंचांची कोळंबी एवढी दोनच पाकिटे पुरेशी आहेत.

चपट्या शेपटीचा आग्रह धरण्याला कारण आहे. माशाच्या दोन्ही अंगांवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत पार्श्वरेषा नावाचे ज्ञानेंद्रिय असते आणि त्याने त्याला पाण्यातील सूक्ष्म कंपने जाणवतात. गढूळ पाण्यात डोळा कमी पडला तरी ही रेषा काम करत राहते. चपटी शेपटी ओढीबरोबर डावी-उजवीकडे फटके मारते, त्याची थाप पाण्यातून माशापर्यंत पोहोचते आणि तीच आपल्या रॉडच्या टोकालाही बारीक थरथरीच्या रूपाने समजते. सडसडीत, शेपटी न हलणाऱ्या आमिषाला ही सोय नाही. ते हाताने झटके देऊनच नाचवावे लागते, त्यामुळे ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवावे.

रंगाची चर्चा गरवणाऱ्यांमध्ये फार रंगते, पण मी तिला फारसे महत्त्व देत नाही. गढूळ पाण्यात पांढरा, पोपटी-पिवळा किंवा अगदी काळपट रंग घ्यावा, कारण तिथे माशाला आमिषाचा आकार ठळक दिसणे महत्त्वाचे असते. पाणी निवळ असेल तर बोयी, तारली किंवा कोळंबीच्या जवळ जाणारा पारदर्शक, चंदेरी अथवा तपकिरी रंग बरा. यापलीकडे रंगावर खर्च करण्याऐवजी तेच पैसे वेगवेगळ्या वजनांच्या जिगहेडवर खर्च करावेत.

जिगहेड म्हणजे ज्याच्या दांड्यावर शिशाचे डोके ओतलेले असते असा गळ. मऊ आमिषाला खाली नेतो तो हाच, आणि ते किती वेगाने खाली जाईल हेही तोच ठरवतो. आपल्या खाड्यांसाठी ५, ७, १०, १४ आणि २१ ग्रॅम अशी पाच वजने जवळ असली की बहुतेक प्रसंग निभावतात. तीन इंचांच्या आमिषाला २/० किंवा ३/० आणि चार इंचांच्या आमिषाला ३/० किंवा ४/० मापाचा गळ बसतो. गळाची जाड तार समुद्रासाठी योग्य. गोड्या पाण्यासाठी केलेले बारीक तारेचे गळ मोठ्या जिताड्याच्या झटक्यात सरळ होतात आणि खाऱ्या पाण्याने लवकर गंजतात. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नये.

वजन निवडण्याचा नियम एकच, आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला विचाराल तर तीच आहे: त्या ठिकाणच्या खोलीत आणि प्रवाहात जे सर्वांत हलके डोके तळाला पोहोचते, ते निवडावे. बहुतेक शिकाऊ माणसे उलटे करतात. जड डोके लांब फेकले जाते, लगेच तळ लागतो, हाताला ते स्पष्ट जाणवते आणि त्यामुळे सगळे ठीक चालले आहे असे वाटते. पण जड डोक्याखाली आमिष दगडासारखे सरळ कोसळते, चिखलात रुतते आणि शेपटीला फटका मारायला अवधीच मिळत नाही. मऊ आमिषावर मासा बहुधा ते खाली येत असताना तोंड टाकतो, म्हणून ते खाली येण्याचा काळ जितका लांबवता येईल तितका लांबवणे हा सगळ्या हिशेबाचा गाभा आहे. मी स्वतः सुरुवातीच्या दोन सहली २१ ग्रॅमचे डोके लावून उथळ खाडीत काढल्या आणि दोन्ही वेळा आमिषाबरोबर फक्त चिखल ओढून आणला. त्याच खाडीत ७ ग्रॅमवर आल्यानंतर पहिला मासा लागला.

शेततळ्यावरचा अभ्यास

दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षपट्ट्यात प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी जागोजागी आहेत. त्यांचे पाणी अनेकदा इतके स्वच्छ असते की दोन-अडीच मीटर खालचे पांढरे आमिष नीट दिसते. ओळखीच्या शेतकऱ्याची परवानगी घेऊन अशा तळ्यावर एक सकाळ घालवली तर जे शिकता येते ते किनाऱ्यावरच्या दहा सहलींत शिकता येत नाही. मात्र दोन गोष्टींत कसलीही सूट नाही. पहिली, अस्तराच्या प्लास्टिकला, ज्याला शेतकरी ‘कागद’ म्हणतात, गळाचे टोक लागले तर ते फाटते आणि शेतकऱ्याचे मोठे नुकसान होते. म्हणून अभ्यासाच्या जिगहेडचा गळ पक्कडीने वाकाच्या आधीच कापून टाकावा आणि तो तुटका जिगहेड फक्त याच कामासाठी वेगळा ठेवावा. दुसरी, ओले अस्तर अतिशय निसरडे असते आणि त्यावरून आत घसरलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर पडणे कठीण जाते. बांधाच्या सपाट भागावर उभे राहावे, अस्तराच्या उतारावर पाय ठेवू नये, लाइफ जॅकेट घालावे, एकट्याने जाऊ नये आणि जाड दोर खुंटीला बांधून पाण्यापर्यंत सोडून ठेवावा.

तिथे करायच्या गोष्टी दोन आहेत. आधी बुडण्याचा वेग मोजावा. तळ्यातील पाण्याची खोली मालकाला ठाऊक असते. समजा ती तीन मीटर आहे. मधोमध आमिष टाकावे, ते पाण्याला टेकल्याबरोबर ‘एक हजार एक, एक हजार दोन’ अशा संथ लयीत मोजायला लागावे आणि दोरा ढिला पडला की थांबावे. सहा आकडे झाले तर ते आमिष त्या डोक्यासह सेकंदाला अर्धा मीटर खाली जाते. हेच प्रत्येक वजनासाठी तीन-तीनदा करून वहीत लिहावे. दोरा पूर्ण मोकळा सोडला तर आमिष जवळजवळ सरळ खाली जाते आणि दोरा किंचित ताणून धरला तर ते झोका घेतल्यासारखे आपल्या दिशेने तिरके व सावकाश येते. हे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहावेत, कारण समुद्रात दोन्हींचा उपयोग होतो. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे २.५ टक्के जड असते, त्यामुळे तिथे आमिष किंचित हळू बुडते, पण शिशाच्या डोक्याच्या बाबतीत हा फरक दुर्लक्ष करण्याइतका लहान आहे.

मग शेपटी पाहावी. आमिष काठाजवळून समांतर ओढत रीलची मूठ आधी अगदी सावकाश फिरवावी आणि हळूहळू वेग वाढवावा. एका ठरावीक वेगाला शेपटी फटके मारू लागते. त्याखाली ती नुसती लोंबते, आणि फार वेगाने ओढले तर आमिष एका अंगावर कलते किंवा गिरकी घेते. शेपटी जिथे नुकतीच जिवंत होते तो वेग हाताला पाठ करावा. मी तो मुठीच्या फेऱ्यांत मोजतो: चार इंचांच्या माझ्या आमिषाला साधारण दोन सेकंदांना एक फेरा पुरतो. तुमच्या रीलचा एक फेरा किती दोरा गुंडाळतो त्यानुसार हा आकडा बदलेल, म्हणून माझा आकडा घेऊ नका, तुमचा काढा. बहुतेकांना हा वेग अपेक्षेपेक्षा फारच कमी निघतो याचे आश्चर्य वाटते.

शेततळे मिळत नसेल तर दोनशे लिटरच्या पिंपातही बुडण्याचा अंदाज येतो. गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर जायचे असेल तर जलाशयांतील मासेमारीचे हक्क ठेक्याने किंवा सहकारी संस्थांना दिलेले असतात, त्यामुळे आधी संबंधितांची परवानगी घ्यावी. नांदूरमध्यमेश्वरला मात्र रॉड घेऊन जाण्याचा विचारही करू नये. ते अभयारण्य आहे आणि २०२० साली रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेलेले ते महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र आहे.

आमिष गळावर चढवणे

या कामात घाई केली की बाकीची सगळी तयारी वाया जाते. आमिष आणि जिगहेड शेजारी शेजारी धरावेत, आमिषाचे नाक शिशाच्या डोक्याच्या मागच्या कडेला टेकवावे आणि गळाचा वाक जिथे येतो तिथे आमिषाच्या पाठीवर नखाने खूण करावी. मग गळाचे टोक नाकाच्या बरोबर मध्यातून आत घालावे, आमिष बोटांनी मोज्यासारखे गोळा करत दांड्यावर सरकवावे आणि खुणेच्या जागी टोक पाठीच्या मधल्या शिवणीतून बाहेर काढावे. शेवटी आमिष डोक्यामागच्या काट्यावर घट्ट बसवून सोडून द्यावे आणि वरून व समोरून पाहावे. ते सरळ असले पाहिजे. एका बाजूला वाकलेले किंवा मध्ये फुगलेले असेल तर बाहेर काढून पुन्हा चढवावे, कारण वाकडे आमिष पाण्यात गिरक्या घेते, दोऱ्याला पीळ पडतो आणि मासा त्याकडे वळत नाही. डोक्यामागे झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब लावला तर आमिष घसरत नाही आणि एकच आमिष बराच वेळ टिकते.

तिवरांच्या मुळांजवळ किंवा कालवे चिकटलेल्या दगडांत उघडा गळ सारखा अडकतो. तिथे वाकड्या दांड्याचा ऑफसेट गळ वापरावा: टोक नाकातून अर्धा सेंटीमीटर आत घालून पोटाकडून बाहेर काढावे, आमिष दांड्याच्या वळणापर्यंत वर सरकवून गळ फिरवावा, आणि टोक पोटातून पाठीकडे आणून पाठीच्या कातडीत अलगद लपवावे. मासा चावला की मऊ अंग दबते आणि टोक बाहेर येते. असा गळ रोवायला जास्त जोराचा झटका लागतो, हे लक्षात ठेवावे.

गळाचा काटा, म्हणजे टोकामागचा उलटा दाता, पक्कडीने दाबून सपाट करावा. दोरा ताणलेला ठेवला तर मासे त्यामुळे क्वचितच सुटतात, आणि स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या हातात गळ घुसला तर तो सहज निघतो. किनाऱ्यावरून नाशिकपर्यंतचा घाट गळ घुसलेल्या हाताने चढावा लागू नये, एवढ्यासाठी तरी हे करावेच.

रॉड, रील आणि दोरा

याविषयी थोडक्यात. सात ते आठ फुटांचा, १० ते ३० ग्रॅम फेकू शकणारा, टोकाला संवेदनशील असा स्पिनिंग रॉड आणि ३००० किंवा ४००० मापाचे, खाऱ्या पाण्यासाठी बनवलेले रील पुरते. मुख्य दोरा विणलेला, म्हणजे ब्रेड, २० ते ३० पौंडांचा असावा. नायलॉनचा दोरा ताणतो आणि तळ लागल्याची बारीक खबर हातापर्यंत आणत नाही. पुढे ३० ते ४० पौंडांच्या फ्लुरोकार्बनचा सुमारे एक मीटर लांब लीडर डबल युनी गाठीने जोडावा, कारण जिताड्याच्या कल्ल्यावरच्या धारदार कडा आणि दगडांवरची कालवे ब्रेडला क्षणात कापतात. जिगहेड आवळ गाठीने न बांधता मोकळ्या फासाने बांधावा, म्हणजे आमिष मोकळेपणाने डुलते. प्रत्येक गाठ ओली करून आवळावी. रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागल्यावर दोरा तुटू न देता सोडणारी घर्षणाची कळ, दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण चौथ्या भागाला सुटेल असा लावावा.

तिथी, भरती आणि जागा

नाशिकच्या माणसाला भरती-ओहोटीची सवय नसते, आणि मऊ आमिषाच्या बाबतीत तर पाणी वाहते आहे की थांबले आहे यावर अर्धे यश अवलंबून आहे. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाणारा ठोकताळा घरच्या दिनदर्शिकेवरून लावता येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या पुढेमागे. आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हा हिशेब लागू आहे, आणि दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी येते. हा अंदाज सहलीचा दिवस ठरवण्यापुरता वापरावा. निघण्यापूर्वी त्या बंदराचे भरतीचे तक्ते पाहून नेमकी वेळ पक्की करावी.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाचे दिवस असतात. मुंबईच्या परिसरात तेव्हा भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत साडेचार मीटरच्या आसपास फरक पडतो, आणि उत्तरेकडे खंबातच्या आखाताकडे जाऊ तसा तो वाढत जातो. एवढे पाणी सहा तासांत आत-बाहेर करते तेव्हा खाडीच्या मुखाशी ओढ जबरदस्त असते, गाळ उठतो आणि हलके जिगहेड तळाला लागतच नाही. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात. ओढ मंद, पाणी त्यातल्या त्यात निवळ. शिकणाऱ्याने षष्ठी ते दशमी हे दिवस निवडावेत. यात नाशिककरांची एक सोयही आहे: अष्टमीला पूर्ण भरती सकाळी सहाच्या सुमारास होते, त्यामुळे मध्यरात्रीनंतर निघून उजाडताना खाडीवर पोहोचणाऱ्याला संपूर्ण ओहोटी, म्हणजे कोळी बांधव जिला सुकती म्हणतात ती, दुपारपर्यंत हातात मिळते. समुद्रावरचा वाराही दुपारनंतर जोर धरतो आणि हलके आमिष फेकणे अवघड करतो, म्हणून सकाळच बरी.

ओहोटीत पाणी तिवरांच्या रानातून आणि लहान ओहोळांतून मुख्य खाडीत उतरते. त्याबरोबर कोळंबी, बोयीची पिल्ले आणि लहान मासोळी बाहेर ढकलली जाते, आणि ओहोळाच्या तोंडाशी, जिथे जोराचे पाणी संथ पाण्याला मिळून रेघ तयार होते, तिथे जिताडा आणि तांबोशी दबा धरून बसतात. धक्क्याचे खांब, पुलाच्या पायांची सावली, बुडालेल्या दगडांची रांग या त्याच प्रकारच्या जागा. मोकळ्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, रावस फिरतो; तिथे आमिष लाटांच्या मागच्या घळीत पडले पाहिजे. पूर्ण ओहोटीला एकदा रॉडशिवाय किनारा चालून घळी, खड्डे आणि दगड पाहून ठेवावेत आणि वहीत आकृती काढावी. भरतीच्या पाण्याखाली काय आहे ते समजण्याचा हाच एक खात्रीचा मार्ग आहे.

कोळ्यांच्या डोलीच्या, म्हणजे प्रवाहात रोवून बांधलेल्या जाळ्याच्या, खुंट्यांजवळ आणि इतर जाळ्यांजवळ आमिष टाकू नये. जाळ्यात अडकलेला गळ ते उपसणाऱ्याच्या हातात घुसतो. गावात पोहोचल्यावर धक्क्यावर चौकशी करावी. कुठे गरवलेले चालेल आणि भरती कुठून पाठीमागे फिरते हे तिथली माणसे आपणहून सांगतात. खडपावर, म्हणजे खडकाळ किनाऱ्यावर, उभे असाल तर ही दुसरी माहिती जिवाची आहे. खडपावर पकड असलेले बूट आणि लाइफ जॅकेट घालावे, समुद्राकडे पाठ करू नये आणि परतीची वाट पाण्याखाली जाण्याच्या तासभर आधीच मागे यावे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. काठावरून रॉडने गरवणाऱ्यानेही पावसाळी समुद्रापासून दूरच राहावे.

फेकणे, मोजणे, ओढणे

आमिष प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरके फेकावे. ते पाण्याला टेकले की रीलचे बेल, म्हणजे दोरा अडवणारी तारेची कमान, हाताने बंद करावे, ढील गुंडाळावी आणि शेततळ्यावर पाठ केलेल्या लयीत मोजायला लागावे. समजा पहिल्या फेकीत आठ आकड्यांना दोरा ढिला पडला, म्हणजे तळ लागला. पुढच्या प्रत्येक फेकीत आठाची अपेक्षा ठेवायची. आठऐवजी पंधरा लागले आणि तळ समजलाच नाही तर प्रवाह आमिषाला उचलून नेतो आहे. डोके एक पायरी जड करावे. तीन-चारांतच तळ लागत असेल तर डोके हलके करावे. ओहोटीचा जोर मधल्या दोन तासांत सर्वाधिक असतो, त्यामुळे एकाच जागी उभे राहूनही सकाळभरात दोन-तीनदा डोके बदलावे लागते, आणि याचा कंटाळा करणारा माणूस रिकाम्या हाताने परततो.

तळ लागला की रॉडचे टोक घड्याळात नऊ वाजल्याच्या जागेपासून अकरापर्यंत सावकाश उचलावे, मग दोरा किंचित ताणलेला ठेवत टोक खाली आणावे आणि त्याच वेळी मुठीचे एक-दोन फेरे देऊन ढील घ्यावी. आमिष तळापासून हातभर उठते, शेपटी फडफडवत खाली येते, क्षणभर टेकते. पुन्हा उचलावे. गाळाने भरलेल्या पाण्यात ही उचल लहान आणि थांबा मोठा ठेवावा, म्हणजे माशाला आमिष शोधायला वेळ मिळतो. कोळंबीच्या आकाराला तर याहूनही कमी हालचाल पुरते: दोन लहान टिचक्या, आणि मग तीन-चार सेकंद काहीच नाही. पुळणीवर किंवा खांबांच्या रांगेत मात्र उचल-टेक सोडून एकसारखी संथ ओढ चांगली, तीच, शेपटी नुकती जिवंत होते त्या वेगाची.

मासा लागल्याची खूण दरवेळी जोरदार नसते. कधी ‘टक्’ असा एकच ठोका हाताला जाणवतो, कधी दोरा बाजूला सरकतो. आणि अनेकदा कोणतीही जाणीव न होता आठला लागणारा तळ पाचलाच ‘लागतो’. आमिष अधांतरीच थांबले, म्हणजे ते कशावर तरी अडले किंवा कोणीतरी तोंडात धरले. अशा वेळी विचार करत बसू नये. ढील घेऊन रॉड लगेच वर खेचावा. मोजणीची सवय नसलेल्या माणसाला हा मासा कधीच कळत नाही. मऊ आमिष तोंडात मऊच लागते, म्हणून मासा ते कडक आमिषापेक्षा क्षणभर जास्त धरून ठेवतो, पण तो क्षणच असतो.

शेपटी एकसारखी कुरतडलेली येऊ लागली तर बहुधा केंड किंवा लहान मासे आहेत. जागा बदलावी, आमिषे वाया घालवू नयेत. काही तासांत एकही खूण नसेल तर माशांना भावणारा वास लावून पाहता येतो. बर्कलीच्या गल्पसारखी काही आमिषे मुळातच वासाच्या द्रवात भिजवलेली येतात. ती पाण्यावर आधारित असल्याने उघडी राहिली की सुकून कडक होतात.

मासा हाती आल्यावर

जिताड्याच्या कल्ल्यात बोट घालू नये. कडा ब्लेडसारखी कापते. त्याचा खालचा ओठ पकडसाधनाने धरून दुसरा हात पोटाखाली द्यावा. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही परांवरचा काटा विषारी व दातेरी असतो, तर पाकटाच्या शेपटीवरचा काटा त्याहून धोक्याचा. या दोघांना हात न लावता लांब पक्कडीने गळ काढावा. काटा लागलाच तर जखम सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात बुडवून ठेवावी आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

जिताडा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि पुढे वाढल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीत मिळणारा सर्वांत मोठा जिताडा बहुतेक अंड्याची मादी असते. घरी नेण्यासाठी मध्यम आकाराचा एखादा मासा ठेवून मोठा मासा पाण्यातच धरून, फोटो काढायचा असेल तर काही सेकंदांत काढून, सोडून द्यावा, ही माझी विनंती आहे. सोडताना त्याचे तोंड प्रवाहाकडे धरावे आणि तो स्वतः जोर करून निघेपर्यंत थांबावे. हवेत फेकून देऊ नये.

परत आल्यावर

वापरलेले जिगहेड त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यात धुऊन सुकवावेत, नाहीतर दोन दिवसांत तांबेरा चढतो. रॉडच्या कड्या ओल्या कापडाने पुसाव्यात. रीलवर ड्रॅग घट्ट करून पाण्याची हलकी धार सोडावी. जोराच्या धारेने मीठ उलट आत जाते. धुऊन झाल्यावर ड्रॅग सैल करून ठेवावा.

आमिषे मूळ पाकिटातच, सपाट ठेवावीत. पीव्हीसीची आमिषे आणि टीपीई या ताणल्या जाणाऱ्या पदार्थाची आमिषे एका डब्यात ठेवू नयेत, ती एकमेकांना विरघळवून चिकट गोळा करतात. वेगवेगळ्या रंगांची आमिषे एकत्र ठेवली तर गडद रंग फिक्यावर उतरतो. एप्रिल-मे महिन्यांत गाडीच्या डिकीत पाकीट विसरले तर शेपट्या वाकड्या होतात; वाकडी शेपटी गरम पाण्यात मिनिटभर बुडवून हाताने सरळ करावी आणि लगेच थंड पाण्यात टाकावी, बहुतेक वेळा ती पूर्ववत होते.

फाटलेले आमिष किनाऱ्यावर किंवा पाण्यात टाकू नये. ते कुजत नाही, आणि माशाने किंवा पक्ष्याने गिळले तर पोटात अडकून राहते. मी निघताना पाकिटातील आमिषे मोजून वहीच्या पानावर आकडा लिहितो आणि परतल्यावर फाटकी-तुटकी धरून पुन्हा मोजतो. दोरा तुटून गेलेल्यांचा आकडा वेगळा. त्याच पानावर तिथी, भरतीची वेळ, जागा, लावलेले वजन आणि तळ लागण्याचा आकडा लिहितो. पुढच्या वेळी तीच तिथी आली की जिगहेडची डबी उघडण्याआधी ते पान उघडतो.